क्यूची चार पानं

नोंग फाय गावच्या बाजारात 'जे हुआ' नावाच्या बाईचं कॉफीचं दुकान आहे. त्या दुकानात दर शनिवारी सकाळी इंग्रजी भाषा आपसांत वाटून घेतलेली सात माणसं जमत. वाटून घेतलेली म्हणजे अगदी खरोखरीच, सुरीने कापून.

बारा वर्षांपूर्वी शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी सोंगट्यांचा तो खेळ गावात आणला. एकेका सोंगटीवर एकेक इंग्रजी अक्षर. पिशवीत हात घालून सात सोंगट्या उचलायच्या, पटावर आडवे-उभे शब्द मांडायचे, गुण मोजायचे. मास्तरांची बदली झाली. जाताना ते खेळ ठेवून गेले आणि शब्दांची एक जाडजूड यादीही ठेवून गेले. यादीत नुसते शब्दच शब्द होते, अर्थ एकाचाही नव्हता. एवढा ठोकळा पाठ कोण करणार? तेव्हा जे हुआने शेजारच्या खाटकाची सुरी आणली, पुस्तकाची पाठ चिरली आणि एकेकाच्या ओंजळीत अक्षरं घातली, बारीक असतील तर चार-पाच, जाड असेल तर एकच. ज्याचं अक्षर त्याचा शब्द. शब्द खरा की खोटा, हे त्या अक्षराच्या धन्याने सांगायचं. "आहे का गं हा?" "आहे." झालं. अर्थाची चौकशी कुणी कधी केली नाही. गाईचं दूध पिताना गाईचं नाव कोण विचारतं?

थविनच्या वाट्याला एस आला होता, सगळ्यांत जाड गठ्ठा. "सरकारी पगार खातोस ना? मग उचल," असं म्हणत जे हुआने तो त्याच्या मांडीवर आपटला होता. थविन तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात होता. म्हशींना सुया टोचायच्या, कोंबड्यांच्या चोचीत थेंब घालायचे. गाव त्याला 'डॉक्टर' म्हणे. तोही सुरुवातीला "मी डॉक्टर नाही हो" म्हणायचा. मग म्हणेनासा झाला.

खामपुन उशिरा आली होती. तोवर सगळी अक्षरं संपली होती. उरला होता तो क्यू. मोजून चार पानं.

"एवढंच?" ती म्हणाली होती. "मी काय भिकारीण आहे?"

"उशिरा आलीस, तळाची खरवड मिळाली," जे हुआ म्हणाली. "खा गुपचूप."

खामपुन ही एके काळची लामची गायिका. लाम म्हणजे बाई आणि बुवा समोरासमोर उभे राहून, खेनच्या बांबूच्या नळ्यांच्या सुरावर, सवालाला जवाब देत रात्र जागवायचे ते गाणं. तिच्यापुढे टिकलेला बुवा चार जिल्ह्यांत नव्हता. नवरा खेन वाजवायचा. एका पावसाळ्यात दुसऱ्या मंडळीबरोबर गेला तो तिकडचाच झाला. नंतर तिचा आवाज बसला. मग ती मंडळींचे रंगमंचावरचे पोशाख शिवू लागली. दिवसभर टिकल्या टाकायच्या. शनिवारी खेळायला आली की कोपरालाही एखादी टिकली चिकटलेली असे. इंग्रजीच्या एकाही शब्दाचा अर्थ तिला कळत नव्हता, पण चार पानं तिने आठ दिवसांत पाठ केली, कारण तिने ती गाण्यातच ओवली:

क्वॅगमायर आली गं, नदीच्या काठी काठी,
क्वॉरी नि क्विव्हर, चालल्या पाठोपाठी,
क्वायटस मागे राही, भाताची डबी हाती…

अशा साठ ओळी. पटावर कुणी क्यूचा शब्द मांडला की ती डोळे मिटून पुटपुटायची, बोटं हलवत त्या ओळीशी पोचायची आणि म्हणायची, "आहे." किंवा, "माझ्या गाण्यात नाही. उचला."

क्यूच्या सोंगटीच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. पिशवीत हात घातला की टाके घालून तयार झालेली खामपुनची बोटं बरोब्बर तिच्यापाशी जात. ही लबाडी सातही जणांना ठाऊक होती. कुणी बोलत नव्हतं. तिचं तेवढंच तर राज्य होतं.

थविन तर मुळीच बोलत नव्हता. त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि ती मंचावर. एका बुवाने तिला विचारलं होतं, मला घरात घेशील का? तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आपल्या दारातल्या चिंचेबद्दल चार ओळी गायली आणि बुवा घामाघूम होऊन खाली उतरला. खामपुन सरळ काही सांगत नाही, ही खूणगाठ थविनने तेव्हाच मनाशी बांधली. पुढे त्याचं लग्न झालं, संसार झाला, पाच वर्षांपूर्वी बायको गेली. खूणगाठ तेवढी तशीच राहिली.

या वर्षी तो निवृत्त झाला. दवाखान्यातल्या लोकांनी निरोपाला एक शब्दकोश दिला, इंग्रजी शब्द आणि पुढे अर्थ. "डॉक्टर, तुम्ही शब्दांतले," म्हणून. आणि रयोंगहून मुलीचा, थिवाचा फोन आला: "बाबा, एकटे काय करता तिथे? इकडे या. समुद्र आहे, नातू आहे, खोली रिकामी आहे."

रयोंग ट्रकने दहा तासांवर. थविनने फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला जायचं नाहीये. पण राहायचं कशासाठी, हे विचारलं तर सांगता येईल असं एकच कारण होतं, आणि त्या कारणाला त्याने आजवर "साखर दे" याच्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

शनिवारी त्याने सोंगट्या मांडता मांडता हळूच पिल्लू सोडलं. "मुलगी बोलावतेय. रयोंगला. कायमचं."

खामपुनने वर पाहिलं नाही. सोंगट्या इकडच्या तिकडे केल्या आणि पटावर मांडलं: क्वॅगमायर.

"आहे," ती म्हणाली. "लिही गं जे हुआ."

थविन घरी आला. कधी नव्हे तो शब्दकोश उघडला. क्वॅगमायर: दलदल, जिच्यात पाय टाकला की माणूस रुततच जातो अशी जागा. तो ओट्यावर बसून राहिला. समोर कोंबडी उकरत होती. दलदल? म्हणजे काय, इथे राहिलो तर रुतेन असं म्हणाली ही?

पुढच्या शनिवारी तो बागेतले आंबे घेऊन गेला. पिवळेधमक, पाडाला आलेले. "घरी खाणारं कोण आहे," असं म्हणत त्याने ते तिच्यापुढे ठेवले. त्याच्या मते यात पुष्कळ काही बोलून झालं होतं. खामपुनने आंब्याचा वास घेतला, हसली, पिशवीत हात घातला आणि दोन डावांनंतर मांडलं: क्वॅक.

क्वॅक: डॉक्टर नसून डॉक्टर म्हणवून घेणारा, भोंदू वैद्य.

थविनला दुपारचा भात गेला नाही. चाळीस वर्षांत एकाही म्हशीने त्याला असं म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी त्याने छातीचा कोट केला. नवा सदरा घातला, केसांना तेल लावलं, आणि सगळ्यांदेखत विचारलं, "खामपुन, तुला काय वाटतं? म्हातारपणी माणसाने नवीन काही सुरू करावं का?"

"करावं की," जे हुआ मध्येच म्हणाली. "तू कर्ज काढून बैल घेणारेस का?"

"तुला नाही विचारलं."

खामपुन सोंगट्यांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते, पण थविन पटाकडे बघत होता. पटावर आलं: क्विक्झॉटिक.

"अगं बाई, एक्ससुद्धा वापरलास!" जे हुआ ओरडली. "हिला आज कॉफी फुकट."

क्विक्झॉटिक: वेड्या, अशक्य स्वप्नांच्या मागे धावणारा, व्यवहारशून्य.

आता मात्र शंकेला जागा उरली नाही. मंचावरचा बुवा घामाघूम होऊन उतरला होता, तसा थविन त्या दिवशी मनातल्या मनात उतरला. तरी चौथ्या शनिवारी तो गेलाच, कारण पाय जातातच. त्या दिवशी तो नुसत्या सोंगट्या मांडत राहिला. खामपुननेही त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने एका दमात साती सोंगट्या मांडल्या. क्वायटस.

क्वायटस: अखेरचा निकाल, शेवट, मरण.

त्याने शब्दकोश मिटला आणि थिवाला फोन लावला. "ये रविवारी. गाडी घेऊन ये."

रविवारी सकाळी थविनच्या अंगणात चटया पसरल्या. मधोमध केळीच्या पानांच्या द्रोणांचा मनोरा, त्यात झेंडू, उकडलेली अंडी, चिकट भाताचे मुटके, आणि वरून पांढऱ्या सुताचे दोरे लोंबत होते. माणूस दूर निघाला की त्याच्या जिवाचे तुकडे वाटेत, बांधावर, कुणाच्या अंगणात राहून जाऊ नयेत म्हणून त्यांना हाक मारायची आणि मनगटाला दोरा बांधून त्याच्यात बसवायचं, अशी तिथली रीत. गावातल्या एका म्हाताऱ्याने सूर लावला, "ये रे जिवा, शेतात असशील तर ये, तळ्यावर असशील तर ये…" बाहेर थिवाच्या उघड्या गाडीत गादी, पंखा, तांदळाचं पोतं आणि पाय बांधलेला एक संतापलेला कोंबडा वाट पाहत होते.

एकेक जण पुढे येऊन दोरा बांधू लागला. "पोट बरं ठेव." "समुद्राजवळ जास्त जाऊ नकोस." जे हुआ नाक ओढत आली. "एस कोणाला देऊन चाललास? एवढं ओझं आता माझ्याच डोक्यावर," आणि तिने दोरा इतका घट्ट आवळला की थविनची बोटं पांढरी पडली.

सगळ्यांत शेवटी खामपुन आली. समोर गुडघ्यांवर बसली. तिने दोरा घेतला, मनगटावरून फिरवला, पण गाठ काही मारेना. लोक म्हणाले, "गा की गं! चार ओळी गा!"

"आवाज बसलाय," ती म्हणाली. मग फक्त थविनला ऐकू जाईल असं, थोरल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो 'पी' लावून, दात आवळून: "चार शनिवार वाट बघितली, पी थविन. वाटलं, आज तरी तोंड उघडाल. आंबे काय आणता? मी काय माकड आहे आंबे खायला?"

थविनने मान वर केली. "मी तोंड उघडायचं? तू तर दर वेळी उत्तर देऊन मोकळी झालीस."

"मी? कधी?"

"चारदा."

"पी थविन, तुम्हाला ताप आलाय का?"

थविनने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर चार शब्द आणि चार अर्थ त्याच्या गोल, सरकारी अक्षरात लिहिलेले होते. ज्या कागदावर तो पूर्वी कोणत्या म्हशीला कधी सुई दिली ते लिही, तसलाच कागद. हलक्या आवाजातच वाचायचा त्याचा बेत होता, पण अंगण एव्हाना गप्प झालं होतं. "दलदल," त्याने वाचलं. "भोंदू वैद्य. अशक्य स्वप्नांच्या मागे धावणारा. आणि शेवटी… मरण."

"हे कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. पटावर."

खामपुन पुढे झुकली. "क्वॅगमायर म्हणजे दलदल? माझी क्वॅगमायर? बारा वर्षं मी तिला चांदीचा कमरपट्टा घालून नदीकाठाने चालवतेय!" तिने कपाळाला हात लावला. "आणि क्वायटस मरण? अहो, तिच्या हातात मी भाताची डबी दिलीय!"

"तुला ठाऊक नव्हतं?"

"मला काय ठाऊक असणार! यादीत होतं का काही लिहिलेलं? पन्नास गुण जादा मिळतात साती सोंगट्या लावल्या की. गुण दिसले, मांडलं."

कुणीतरी खुदकन हसलं. थविनची मान खाली गेली, पण त्याच्या चेहऱ्यावर अजून पुरतं पटल्याचं दिसत नव्हतं. मनात चार आठवडे मुरलेली गोष्ट एका वाक्याने थोडीच धुऊन निघते. ते खामपुनने पाहिलं आणि लामची बाई तिच्यात जागी झाली. ती वळली. "जे हुआ, गुणांची वही आण. आणि थिवा, बेटा, तो तुझ्या बाबांचा अर्थांचा ठोकळा काढ गाडीतून. बघू या, डॉक्टरसाहेब मला काय काय म्हणालेत ते."

दुकान पलीकडेच होतं. जे हुआ धावत जाऊन वही घेऊन आली. दर डावात कुणी काय मांडलं ते ती वहीत लिहून ठेवायची, कारण भांडणं फार व्हायची. तिने चष्मा लावला. "चार शनिवार. खामपुनच्या शब्दानंतर लगेच थविनची पाळी. पहिला: श्रू."

थिवाने पानं उलटली. वाचलं आणि ओठ चावले. "बाबा…"

"वाच," खामपुन म्हणाली.

"श्रू: कजाग, भांडकुदळ बायको."

अंगणात एकच हशा. गाडीतला कोंबडाही आरवला.

"पुढे?"

"स्लॅटर्न," जे हुआ म्हणाली.

"गबाळी, अस्वच्छ बाई."

"मी गबाळी! आणि तिसरा?"

"स्क्रॉनी."

"हाडांचा सापळा," थिवाने वाचलं.

जे हुआने वहीवरून खामपुनच्या भरल्या अंगाकडे नजर टाकली. "इथे मात्र डॉक्टर साफ खोटं बोलले."

हसून हसून म्हाताऱ्यांना खोकला आला, चौथा शब्द वाचायचा राहूनच गेला. थविन पार गोंधळून गेला होता. "मला खरंच ठाऊक नव्हतं, खामपुन. मी एस उघडून पाहिलाच नाही. मी फक्त क्यू बघत होतो."

हे तो सहज बोलून गेला. बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. हसणं हळूहळू विरलं. खामपुनच्या हातातला दोरा अजून त्याच्या मनगटाभोवती मोकळाच होता.

"एवढा ठोकळा," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही चार पानंच बघितलीत?"

"चारच."

"मग आता तरी विचारा. इंग्रजीत नको. आंब्यांतून नको. समोर बसलेय."

थविनने सभोवार पाहिलं. सगळं गाव बसलं होतं. मुलगी शब्दकोश छातीशी धरून उभी होती. एकोणिसाव्या वर्षी मंचासमोर चटईवर बसलेल्या पोराला जे विचारायचं होतं, ते एकसष्टाव्या वर्षीही विचारायचंच राहिलं होतं. त्याच्यापाशी ना चिंच होती ना सूर. लाखभर शब्दांपैकी सर्वांत जाड गठ्ठा त्याचा होता आणि त्यातला एकही कामाचा नव्हता.

"मी जाऊ," तो म्हणाला, आणि थांबला, आणि परत म्हणाला, "मी राहू का, खामपुन? तुझ्याजवळ?"

चार जिल्ह्यांतल्या बुवांना रात्र रात्र ताटकळत ठेवणारी ती बाई. लोकांनी कान टवकारले. आता चिंच येणार, नदी येणार, पाऊसपाणी येणार. खामपुनने दोऱ्याची दोन टोकं जवळ घेतली.

"राहा," ती म्हणाली, आणि गाठ मारली.

एवढंच. बसलेल्या आवाजात, दोन अक्षरं. जे हुआ पुढे मागे बघत राहिली, आणखी काही आहे का म्हणून. "झालं? संपलं? एवढ्यासाठी मी डोळे पुसले?"

थिवाने खोल श्वास घेतला. रात्रभर गाडी हाकून तिचे डोळे तांबारले होते. तिने बापाकडे पाहिलं, मग खामपुनकडे, आणि कमरेवर हात ठेवले. "बाबा, फोनवर नाही का सांगता आलं? दहा तास गाडी चालवली मी. गादी चढवताना पाठीत उसण भरली!"

"फोनवर मलाच ठाऊक नव्हतं, बेटा."

"खामपुन मावशी, यांना संध्याकाळची गोळी आठवणीने द्यावी लागते. स्वतःहून घेत नाहीत. दुसऱ्यांच्या म्हशींना बरोबर वेळेवर देतील."

"नाक दाबून देईन," खामपुन म्हणाली.

"आणि नातवाला भेटायला सुट्टीत यायचं. दोघांनी."

"समुद्र मी पाहिलेला नाही," खामपुन म्हणाली. "येईन."

मग थिवा हसली. ते हसू हुबेहूब थविनच्या बायकोचं होतं, आणि ते पाहून थविनला बरं वाटलं. ती चपला सरकवत गाडीकडे निघाली. मागून चार माणसं उठली. पंखा उतरला, तांदळाचं पोतं उतरलं, गादी दोघांच्या डोक्यावरून डुलत डुलत पायऱ्या चढली. कोंबड्याचे पाय सोडले तसा तो अंगणात उतरला, चटयांवरून तरातरा चालत गेला, मांडलेल्या केळीच्या मनोऱ्यातला भाताचा एक मुटका त्याने सगळ्यांदेखत उचलला, आणि कुणीही त्याला हुसकलं नाही.